वजन एका हाताचं, बटण दुसऱ्याचं

मामिया आरबी ६७ हातात धरून वापरायचा कॅमेरा नव्हे, असं इंदुरातले जुने स्टुडिओवाले आजही ठामपणे सांगतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. १९७० साली आलेला हा कॅमेरा लेन्स आणि फिल्मची बॅक, म्हणजे मागे बसणारा फिल्मचा डबा, चढवली की अडीच किलोच्या वर जातो. पण ज्या खोलीत ट्रायपॉडचे तीन पाय टेकायलाच जागा नाही, तिथे काय करायचं?

अनंत चतुर्दशीच्या रात्री आमच्याकडे गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे हलत्या मूर्तींचे सजवलेले देखावे, निघतात. गिरण्यांचे भोंगे केव्हाच बंद पडले, झाँक्या मात्र अजून निघतात. त्या वर्षानुवर्षं उभ्या करणाऱ्या जुन्या कारागिरांचे पोर्ट्रेट काढायचं काम एका मंडळाने माझ्याकडे दिलं होतं. फिल्मवरच काढीन, असा माझा आग्रह होता आणि तो त्यांनी मानला.

त्या दिवशी गेले ते परदेशीपुऱ्यात, एका निवृत्त फिटरकाकांच्या घरी. गिरणीच्या विव्हिंग खात्यात त्यांची नोकरी झाली आणि झाँकीतल्या हलत्या मूर्तींची यंत्रणा, म्हणजे मोटर, साखळ्या, कॅम (फिरता फिरता दुसऱ्या भागाला वरखाली ढकलणारी चकती) हे सगळं त्यांच्या हातचं. वय ऐंशीच्या पुढे. खोलीत एक पलंग, एक लोखंडी कपाट, देव्हारा आणि उरलेल्या जागेत काका. उजेड फक्त गल्लीकडच्या दारातून. उजेड मोजायचा मीटर लावला. चारशे आयएसओच्या फिल्मवर, १२७ मिलिमीटरच्या लेन्सचं छिद्र एफ/३.८ वर पूर्ण उघडून, जेमतेम एक तीसांश सेकंद. हातात धरून फोटो काढताना शटर निदान लेन्सच्या मिलिमीटरइतकं जलद हवं, हा आपला ठोकताळा. म्हणजे इथे एक सव्वाशांश तरी हवं होतं. दोन पायऱ्या कमी, म्हणजे चौपट संथ.

ट्रायपॉड जिन्यातच ठेवला आणि डाव्या हाताचा ग्रिप काढला. सेकंडहँड मिळालेला, एल आकाराचा. पट्टी कॅमेऱ्याच्या तळाच्या स्क्रूला लागते, मूठ डाव्या बाजूला उभी राहते आणि मुठीतल्या ट्रिगरमधून शटर उडवणारी केबल लेन्सकडे जाते.

आरबीची एक सोय हातात धरणाऱ्याला फार उपयोगी पडते. बॅक फिरते, त्यामुळे उभ्या फोटोसाठी कॅमेरा आडवा करावा लागत नाही आणि मूठ आहे तिथेच राहते. पेंटॅक्स ६७ या तशाच मोठ्या फिल्म कॅमेऱ्याचा लाकडी ग्रिप देखणा खरा, पण उभ्या चौकटीला तो कॅमेरा वळवावाच लागतो आणि मनगट वाकडं होतं. शिवाय आरबीचं शटर लेन्समध्ये आहे. पात्यांच्या त्या शटरचा धक्का नगण्य असतो. दणका बसतो तो व्ह्यूफाइंडरला चित्र दाखवणाऱ्या आणि फोटोच्या वेळी वर उडणाऱ्या आरशाचा. म्हणून मी लेन्सवरची कडी फिरवून आरशाचं उडणं शटरपासून वेगळं करते. मग कॅमेऱ्याचं बटण दाबलं की फक्त आरसा वर जातो आणि शटर उडतं ते नंतर, केबलने.

मी मूठ धरून सराव म्हणून ट्रिगर ओढून पाहत होते आणि काका माझ्या हाताकडे बघत होते.

"दे इकडे," म्हणाले.

कॅमेरा मांडीवर घेऊन त्यांनी मूठ धरली आणि तिला हलकासा पीळ दिला. पट्टी केसभर फिरली. मग ट्रिगर सावकाश, अगदी थांबत थांबत ओढला. पहिल्या अर्ध्या ओढीत केबलची पिन हललीच नाही. पुढच्या अर्ध्या ओढीत स्प्रिंगचा दाब आला आणि तेवढ्या वेळात लेन्सचं तोंड खाली गेलं. मला आधी जे नुसतं हातात जाणवत होतं, ते त्यांनी डोळ्यांना दाखवलं.

"जो हात धरतो, त्यालाच ओढायला लावतेस बेटा. बोट ओढलं की मूठ आवळते, मूठ आवळली की यंत्र हलतं. वजन एका हाताचं, बटण दुसऱ्याचं."

काकूंनी पलंगाखालून डबा काढून दिला. काकांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा पट्टीच्या मापाने कापला, मध्ये भोक पाडलं आणि पट्टी व कॅमेऱ्याच्या मध्ये बसवून स्क्रू आवळला. एका स्क्रूवर एवढं वजन बाजूला लोंबकळलं की धातूवर धातू घसरणारच. रबर ते धरून ठेवतं. मग केबल ट्रिगरमधून सोडवली, तिचा सैल वळसा ठेवला आणि टोक माझ्या उजव्या हातात दिलं. वळसा महत्त्वाचा. केबल ताणलेली असेल, तर अंगठ्याचा झटका तिच्यावाटे थेट लेन्सला पोचतो.

आता डाव्या हाताला धरण्यापलीकडे काम नव्हतं. उजवा तळवा कॅमेऱ्याच्या बुडाशी, बोटांत केबल. फोकसची चकती, शटर भरायचा दांडा आणि फिल्म पुढे नेण्याचा खटका यांसाठी तोच हात फिरायचा. डावा मुठीवरून सुटला नाही. गळ्यातला पट्टा खाली ताणला, कोपरं बरगड्यांना लावली.

मात्र पुढेमागे होणारा झोक कुठल्याही ग्रिपने थांबत नाही, हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला बजावून सांगते. दीड मीटरवर ही लेन्स पूर्ण उघडी ठेवली, तर चार-पाच सेंटिमीटरच्या आतबाहेर काय ते स्पष्ट. तुमच्या श्वासाबरोबर फोकस डोळ्यावरून कानावर जातो. त्याला उपाय भिंत. मी कपाटाला पाठ टेकली, श्वास अर्धा सोडला, आरसा उचलला.

आरसा वर गेला की व्ह्यूफाइंडर काळा होतो आणि शटर भरेपर्यंत काळाच राहतो. पुष्कळांना याची धास्ती वाटते. मला तोच या पद्धतीतला सगळ्यात मोलाचा क्षण वाटतो, कारण मान वर करून समोरच्या माणसाकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं लागतं. जुन्या काळचे नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८७० च्या दशकात याच शहरात कॅमेरा हाती घेतला. त्या काळी काचेवर फोटो निघायचे, तिपाई अटळ होती आणि माणसाला स्तब्ध बसावं लागायचं. माझ्यासमोर काका बोलत होते. गरुडाचे पंख एका कॅमवर कसे फडफडवले होते ते हाताने दाखवत होते आणि मी त्यांच्याशी बोलता बोलता अंगठा दाबत होते. एका रोलच्या दहा चौकटी अशाच गेल्या.

प्रिंट घेऊन पुन्हा गेले तेव्हा काकांनी भिंग काढलं आणि आधी चेहरा नाही, सदऱ्याची कॉलर पाहिली. उभे-आडवे धागे सुटे दिसतायत का, ते बघत होते. दिसत होते. एका प्रिंटवर थांबले. चेहरा काटेकोर, पण उजवा हात पुसट.

"यात कोण हललं, तू की मी?"

मी सांगितलं, कॅमेरा हलला असता तर कॉलर, कपाट, सगळंच सारखं पुसलं असतं. फक्त हात गेलाय, म्हणजे हात हलला.

काकू म्हणाल्या, हा नको, दुसरा फ्रेम करू. काकांनी तो प्रिंट आपल्याकडे ओढून घेतला. "पंखाचं सांगत होतो ना तेव्हा. मशीन चालू आहे ते दिसतंय की यात. मंडळाला हाच दे."