गाठ झाल्यावर यायचं का?

मी आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणारी. माझ्या टेबलाशी येतो तो बहुतेक वेळा आधीच आजारी असतो. या आजी ठणठणीत होत्या. वय ७२, सोबत नातू, हातात नवंकोरं वय वंदना कार्ड, सत्तरीपुढच्यांना मिळणारं सरकारी उपचाराचं. "धाकटी भन छातीच्या गाठीनं गेली. मला मशिनीवर बघून घ्यायचंय," म्हणाल्या.

आधी आधारवरून ओळख पटवणं. जन्मभर खुरपं धरलेल्या अंगठ्याच्या रेषा यंत्राला दिसतच नाहीत. मी ओल्या फडक्याने बोटं पुसते आणि सरळ अनामिका लावते. ती कामात कमी झिजलेली असते. ओटीपी मागायचा तर नंबर पुण्यातल्या लेकाचा आणि लेक शिफ्टवर. आजींची अनामिका जुळली. या कामात माझा हात धरणारा आमच्याकडे कोणी नाही.

पण पुढे काय? ७० नंतर उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांचं संरक्षण, हे खरं. ते भरती झालेल्यांना. भरतीआधीच्या ३ दिवसांतल्या तपासण्या धरतात, त्याही भरती झालीच तर. नुसत्या मॅमोग्राफीला, म्हणजे छातीच्या मशिनीवरच्या तपासणीला, योजनेत पॅकेज (ठरलेला दर) नाही. गावपातळीवरच्या कर्करोग तपासणीचं वय सरकारी सूचनांत ३० ते ६५. म्हणजे तपासणीचं वय उलटलं, आणि कार्ड मिळालं ते उपचाराचं.

"मग गाठ झाल्यावर यायचं का?" आजींनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या.

बिलिंगवाला कानाशी येऊन म्हणाला, "छातीत दुखतंय लिहा, एक दिवस अ‍ॅडमिट दाखवू." असल्या हुशारीपायीच खऱ्या रुग्णांच्या अर्जांवर शंका निघतात.

मी आजींना ओपीडीतल्या सिस्टरकडे नेलं. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. सेविकांनी त्यातल्या निम्म्यांना दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं, तरी पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. आजींच्या वयाच्या बायका त्यात घेतल्या नव्हत्या, हे मला माहीत होतं. पण हात तर फुकट होता.

सिस्टरच्या बोटांना काखेकडे हरभऱ्याएवढं काहीतरी लागलं.

मॅमोग्राफी आणि बायॉप्सीचे पैसे नातवाने खिशातून भरले. रिपोर्ट कर्करोगाचा आला, तेव्हा कुठे कार्ड कामाला आलं. प्री-ऑथला, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीला, बायॉप्सीचा रिपोर्ट लागतोच. तो जोडला, शस्त्रक्रिया मंजूर झाली. रिपोर्ट चांगला आला असता तरी ते पैसे घरचेच गेले असते. एवढी जोखीम किती घरं म्हातारीसाठी घेतील?

आता आजींच्या गल्लीतल्या बायका कार्डं घेऊन येतात. कार्ड न बघताच मी त्यांना सिस्टरकडे पाठवते. ओपीडीचे डॉक्टर गर्दीवरून कुरकुरतात, आणि गर्दी होतेच. हाताने तपासण्याला पॅकेजचा कोड नाही, त्यामुळे हे काम कुठल्या हिशेबातच नाही. सिस्टर रजेवर असली की त्या दिवशीच्या बायका तशाच परत जातात.