रागाच्या आठवड्यात दिलेलं रक्त

देशावर हल्ला झाला की पुण्यातली माणसं रक्त द्यायला येतात. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. बातमी लोकांच्या किती आत गेली, हे मला बाहेरच्या बाकांवर किती जण बसलेत त्यावरून कळतं. २०२५ साली २२ एप्रिलला काश्मीरमध्ये पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यातले दोघे आपल्या पुण्याचे. वैकुंठ स्मशानभूमीत त्यांचे अंत्यसंस्कार झाले त्या दिवसापासून आमच्याकडे फोन सुरू झाले. ७ मेला ऑपरेशन सिंदूर झालं, भारताने पाकिस्तानात हल्ले केले, आणि मग तर शिबिरांना तारखा देता देता पुरेवाट झाली. मंडळं, सोसायट्या, आयटीतली मुलं, एक अख्खा रिक्षा स्टँड. रिक्षावाले खाकी शर्टावरच आले, रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली आणि धंद्याची वेळ म्हणून लगेच निघाले.

ह्या सगळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याच आठवड्यात टीव्हीवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या चालल्या. एटीएम बंद होणार म्हणून मेसेज फिरले. शस्त्रसंधी झाली तर परराष्ट्र सचिवांना आणि त्यांच्या मुलीलाही शिव्या घातल्या गेल्या. नवऱ्याच्या मृतदेहाशेजारी बसलेल्या ज्या मुलीचा फोटो सगळ्या देशाने पाहिला, तिने काश्मिरी आणि मुसलमानांच्या मागे लागू नका म्हटल्यावर तिलाही सोडलं नाही. तेच दुःख आणि तोच संताप घेऊन जो माणूस बाही वर करून आमच्या खुर्चीत बसतो, तो मला फार मोठा वाटतो.

म्हणूनच त्याला एक गोष्ट सांगायची आहे. रक्त साठवून ठेवता येतं, पण फार दिवस नाही. एका पिशवीचे आम्ही घटक वेगळे करतो. लाल पेशी फ्रीजमध्ये ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. आणि एकदा रक्त दिलं की पुरुषाला ३ महिने, बाईला ४ महिने पुन्हा देता येत नाही. म्हणजे सगळं शहर एकाच आठवड्यात आलं, तर दीड महिन्याने ती पिशवीही नाही आणि तो दाताही नाही. अमेरिकेत ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सुमारे ४,७५,००० पिशव्या रक्त जमलं होतं. हल्ल्यातल्या जखमींना त्यातल्या ३०० सुद्धा लागल्या नाहीत. पुष्कळ रक्त मुदत संपून टाकून द्यावं लागलं.

२०१० साली १३ फेब्रुवारीला जर्मन बेकरीत स्फोट झाला, तेव्हा मी नोकरीत नवीन होते. शनिवारची संध्याकाळ होती. १७ जीव गेले. त्यात एक इटालियन बाई होती, इराणी आणि सुदानी विद्यार्थी होते. त्या रात्री लोक न बोलावता आले. आमच्या सरांनी गरजेपुरतं रक्त घेतलं आणि बाकीच्यांना हात जोडून सांगितलं, नाव, गट आणि फोन नंबर लिहून जा, आम्ही बोलावू. काही जण चिडले. पण नंतर फोन केल्यावर बहुतेक आले, आणि त्या वहीने आम्हाला ऐन उन्हाळ्यात तारलं. परीक्षा, सुट्ट्या, लग्नं, सगळे गावी. मे महिन्यात पुण्यात रक्ताचा खडखडाट ठरलेला असतो.

यंदाच्या मे महिन्यात एक मुलगा फॉर्म भरता भरता मला म्हणाला, "ताई, माझं रक्त फक्त जवानांना गेलं पाहिजे. आणि 'त्यांच्यातल्या' कुणाला नको." मी त्याला सांगितलं, लष्कराची स्वतःची व्यवस्था आहे, आपल्या वानवडीला एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, त्यांचा विभागच आहे. इथल्या पिशवीवर गट, नंबर आणि मुदतीची तारीख असते, जात-धर्म नसतो. तो बराच वेळ फॉर्मकडे बघत राहिला आणि उठून गेला. त्याचा मित्र थांबला, रक्त दिलं. त्या मुलाला मी वाईट म्हणणार नाही. पण त्याने बसायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

आता जून संपत आलाय. पालख्या पुढे गेल्या. मध्ये इस्रायल-इराण झालं, अमेरिकेने इराणच्या फोर्दो अणुकेंद्रावर बॉम्ब टाकले, आणि आमच्या चहाच्या टपरीवरही पहलगाम मागे पडून होर्मुझची सामुद्रधुनी आली. थॅलेसेमियाची मुलं, ज्यांना जगायला सतत दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं, ती मात्र दर दोन-तीन आठवड्यांनी येतातच. एक चिमुरडी आहे, सुई टोचताना स्वतःच मोठ्याने आकडे मोजते. तिच्या आईने परवा विचारलं, "ताई, आज आहे ना?" होतं, पण सकाळपासून तीन ठिकाणी फोन करून मिळवलेलं.

आणि डेंगीचे दिवस आता सुरू होतील. तेव्हा प्लेटलेट्स लागतात, म्हणजे ताजे दाते लागतात.

मे महिन्यात ज्यांनी रक्त दिलं, त्यातल्या पुरुषांना ऑगस्टच्या मध्यापासून पुन्हा देता येईल. बायकांनो, तुमचा नंबर सप्टेंबरात. १५ ऑगस्टला येऊ नका, त्या दिवशी गल्लोगल्ली शिबिरं असतात. गणपतीत मंडळंही घेतात. विसर्जन झालं आणि पितृपक्ष लागला की मात्र कुणी फिरकत नाही. तेव्हा या, कामाच्या दिवशी, सकाळी नाश्ता करून. आत्ता जवळच्या रक्तपेढीत फोन करून नाव आणि गट लिहून ठेवा, आणि सप्टेंबरात आमचा फोन आला तर उचला.