संत याकोबाच्या वाटेवर

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सांतियागो दे कोंपोस्तेला येथे, परंपरेनुसार, प्रेषित संत याकोबाची कबर आहे आणि तिच्या दर्शनाला पायी जाण्याची प्रथा हजाराहून अधिक वर्षे चालत आली आहे. फ्रान्सच्या हद्दीतून निघणारी मुख्य वाट सुमारे ७८० किलोमीटरची आहे. मी ती बुर्गोस शहरापासून चाललो. उत्तनच्या कोळीवाड्यात वाढलेल्या माणसाला याकोबाची ओढ वाटावी यात नवल नाही. तो गालील समुद्रावरचा मासेमार होता आणि येशूची हाक येताच बाप जब्दी, होडीवरची नोकरमाणसे, होडी आणि जाळी सारे जागच्या जागी ठेवून निघाला. चालती होडी सोडणे म्हणजे काय सोडणे, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

पंढरीच्या वारीत दिंडीचा ट्रक वारकऱ्यांचे सामान पुढे नेतो; या वाटेवर बहुतेक यात्रेकरू आपली सॅक आपल्याच पाठीवर वाहतात, आणि ती स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जड नसावी, असा सल्ला सगळेच देतात. यात्रेकरूंच्या धर्मशाळांमध्ये लोकांनी मागे ठेवलेल्या वस्तू दिसत: जाड पुस्तके, जास्तीचे बूट, शांपूच्या मोठ्या बाटल्या. त्यातली एकही वस्तू वाईट नव्हती. बायबलमधील, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात शर्यत धावणाऱ्याने भारही टाकावा आणि पापही टाकावे, असे सांगितले आहे. ही दोन वेगवेगळी का सांगितली, ते मला त्या वस्तूंकडे पाहताना उमगले. पाप टाकावे हे आपण लहानपणापासून धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकतो, पण निर्दोष, उपयोगी, प्रसंगी चांगल्या गोष्टीही पाय जड करतात, आणि पापनिवेदनाला गुडघे टेकताना त्या आपल्या यादीत कधीच नसतात.

बुर्गोस आणि लेओन यांच्या दरम्यान मेसेता हे पठार लागते. दोन्ही बाजूंना गव्हाची शेते, समोर सरळ वाट, सावली जवळजवळ नाही. कार्रिओन दे लोस कोंदेस सोडल्यावर तर सुमारे १७ किलोमीटर एकही गाव येत नाही. पुष्कळ लोक हा भाग कंटाळवाणा म्हणून बसने ओलांडतात. माझ्या मते यात्रेचा गाभा हाच आहे, कारण डोळ्यांना गुंतायला काही उरले नाही की मन स्वतःचा बाजार मांडते. रात्री धर्मशाळेत खाट मिळेल का, आज किती अंतर झाले, मागचा माणूस पुढे कसा गेला, घरी कोणता फोटो पाठवावा, हे सारे जपमाळेच्या मण्यांमधून आत शिरत असे. फोन बंद करून सॅकच्या तळाशी ठेवला, तरी हात कितीतरी दिवस खिशाकडे जात राहिला. लक्ष भटकल्याचे ध्यानात आले की जपमाळेतल्या पुढच्या ‘नमो मरिये’ प्रार्थनेपासून पुन्हा सुरुवात करायची, एवढेच मी त्या पठारावर शिकलो. स्वतःवर चिडणे मी मुद्दाम टाळले, कारण चिडलेल्या माणसाचे लक्षही प्रभूकडे नसते, ते स्वतःकडेच असते.

फोंसेबादोनच्या पुढे, सुमारे १,५०० मीटर उंचीवर, उंच लाकडी खांबावर एक लहानसा लोखंडी क्रूस आहे आणि त्याच्या पायथ्याशी यात्रेकरू घरून आणलेला दगड ठेवतात. मीही ठेवला. पण मनाला अधिक भिडले ते विल्याफ्रांका देल बिएर्सो येथील संत याकोबाच्या चर्चचे क्षमेचे द्वार. आजारामुळे पुढे जाणे अशक्य झालेल्या यात्रेकरूंना, सांतियागोला पोहोचल्यावर मिळणारी कृपा पूर्वी याच दारात दिली जात असे. चिकाटी हा पायांचा पराक्रम आहे असे मानणाऱ्या चर्चने हे दार ठेवले नसते. जो थकून त्या पायऱ्यांवर बसला, त्याचे तोंड सांतियागोकडेच होते, आणि देवाला तेवढे पुरे होते.

सार्रियानंतर गर्दी वाढते, कारण यात्रेच्या प्रमाणपत्रासाठी शेवटचे १०० किलोमीटर चालणे पुरेसे असते. त्या प्रमाणपत्रासाठी वाटेत घ्याव्या लागणाऱ्या शिक्क्यांच्या रांगांत मला याकोबाचाच दुसरा प्रसंग आठवत राहिला. जाळी त्याने एका क्षणात सोडली, पण मानाची जागा मनातून सुटली नव्हती. येशूबरोबर इतके चालून झाल्यावर, यरुशलेमच्या वाटेवर, त्याने आणि त्याचा भाऊ योहान याने येशूच्या वैभवात उजवी-डावीकडची आसने मागितली. येशूने त्यांना माघारी धाडले नाही. आपण पिणार तो दुःखाचा प्याला त्यांना पिता येईल का, असे विचारले आणि सोबत चालू दिले. पुढे हेरोद राजाने याकोबाचा तलवारीने वध केला. बारा प्रेषितांपैकी रक्तसाक्षी होणारा तो पहिला.

कॅथेड्रलच्या मुख्य वेदीखालच्या तळघरात, परंपरेनुसार याकोबाच्या अस्थी असलेल्या चांदीच्या पेटीसमोर गुडघे टेकले, तेव्हा मी त्याची मध्यस्थी मागितली ती घरच्या संध्याकाळसाठी: रोझरीच्या वेळी टीव्ही आणि फोन बंद राहावेत, आणि यात्रेची नवलाई ओसरल्यावरही, ईस्टरपूर्वीच्या पुढच्या प्रायश्चित्तकाळापर्यंत आणि त्यानंतरही, ते तसेच बंद राहावेत.