त्याच जुन्या टाक्यातून

माझी लेक सिझेरियनने झाली. चौदा महिन्यांनी तोच टाका पुन्हा उघडला आणि माझ्या लिव्हरचा तुकडा तिच्यासाठी बाहेर काढला.

तिला बिलियरी अट्रेशिया होता. लिव्हरमधून पित्त नेणाऱ्या नळ्याच बंद. जन्मानंतर कावीळ हटेना, तेव्हा "कोवळं ऊन दाखवा" एवढंच आम्हाला सांगितलं गेलं. शी पांढुरकी होते का, हे कुणी विचारलं नाही. पित्ताला आतड्यात वाट करून देणारं, कसाई नावाच्या जपानी डॉक्टरांचं ऑपरेशन साधारण 60 दिवसांच्या आत व्हावं लागतं; आमचं उशिरा झालं आणि पित्त वाहिलंच नाही. तान्ह्या बाळाची शी पांढरट दिसली तर कृपा करून एक दिवसही थांबू नका.

आता लिव्हर बदलणं हाच मार्ग होता, आणि तुकडा आमच्यापैकी कुणीतरी द्यायचा होता. नवऱ्याचं लिव्हर फॅटी निघालं, म्हणून त्याचं चालणार नव्हतं. माझा रक्तगट जुळत होता. मग कळवा ते ठाणे आणि पुढे पनवेल लोकल, अशा नवी मुंबईतल्या हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या. सीटी स्कॅनमध्ये लिव्हरचं माप घेतलं, एमआरसीपीत पित्तनळ्या पाहिल्या.

अवयवदानाच्या कायद्याने आई जवळची नातेवाईक, तरी जन्मदाखला, आधार, लग्नाचं प्रमाणपत्र, सगळं लागलं. दाता बाई असेल तर तिची संमती तिची स्वतःचीच आहे ना, याची जास्त खात्री करा, असं या कायद्याचे 2014 चे नियम सांगतात. नवऱ्याला बाहेर बसवून हॉस्पिटलच्या मॅडमनी विचारलं, "घरून कुणाचा दबाव आहे का? नको असेल तर आत्ता सांगा. तपासणीत बसत नाही, एवढंच आम्ही घरच्यांना सांगू." माझ्यावर दबाव नव्हता. पण ज्या बाईवर असेल तिच्यासाठी ही केवढी मोठी वाट आहे, असं वाटून माझे डोळे भरून आले.

सर्जननी कागदावर लिव्हरचे आठ भाग काढून दाखवले. बाळाला त्यातले डावीकडचे दोनच पुरतात. हा तुकडा दात्याच्या पोटातून दुर्बिणीने काढता येतो, हे 2002 साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मांडलं. पोटात गॅस भरतात आणि छोट्या छिद्रांतून लिव्हर कापतात. तुकडा मात्र अखंड काढायचा, म्हणून ओटीपोटावर आडवा छेद. "तुमचा जुना टाका आहेच, तोच वापरू," ते म्हणाले. रक्तस्राव, पित्तगळती, क्वचित जिवालाही धोका, गरज पडली तर पोट उघडावं लागेल, हे सगळं नीट समजावलं आणि मगच सही घेतली.

शुद्धीवर आले तर पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता. गॅसमुळे होतं तसं. दुसऱ्या दिवशी मला उभं केलं, सहाव्या दिवशी घरी सोडलं. लेक अजून आयसीयूतच होती.

सहा आठवडे वजन उचलायचं नव्हतं आणि लेक आठ किलोची. ती घरी आल्यावर सासूबाई तिला माझ्या मांडीवर आणून ठेवायच्या, रडली की परत उचलून न्यायच्या. ते मात्र टाक्यापेक्षा जास्त दुखलं.

अजूनही डायपर उघडला की आम्ही सगळे आधी रंग बघतो. पिवळा असतो.