तुम्ही विचारलंत म्हणून: इबोगाची पावडर मागवू का?

"गॅबनमध्ये म्हणे एक मूळ आहे, एका रात्रीत गर्द सुटतो. पावडर ऑनलाइन दिसतेय. भावासाठी मागवू का?" कधी भाऊ असतो, कधी मुलगा, कधी गर्दऐवजी दारू. प्रश्न तोच. उत्तर आधी: मागवू नका. का, ते कळायला हे मूळ त्याच्या गावी कसं खातात ते पाहावं लागतं.

इबोगा हे मध्य आफ्रिकेच्या पावसाळी जंगलातलं, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं झुडूप. साधारण माणसाच्या उंचीचं, अंगात पांढरा चीक, नारिंगी फळं. घराणं आपल्या ओळखीचं आहे: तगर, कण्हेर, सदाफुली, सर्पगंधा ही सगळी त्याच कुळातली. तगर तर इतकी जवळची, की तिच्यातही इबोगासारखी काही अल्कलॉइडं (झाडांतली, शरीरावर जोरकस परिणाम करणारी द्रव्यं) सापडतात. (म्हणून परसातल्या तगरीचं मूळ उगाळायला जाऊ नका. जीव घेणारी कण्हेरही त्याच घरातली आहे.)

औषध असतं मुळाच्या सालीत, आणि मूळ घेण्याजोगं व्हायला चार-पाच वर्षं तरी लागतात. जाणता माणूस बाजूची मुळं काढतो, सोटमूळ ठेवतो आणि माती परत लोटतो. चोर अख्खं झुडूप उपटतात. परदेशातली मागणी वाढल्यावर जंगलातली झुडपं विरळ झाली आणि २०१९ मध्ये गॅबनने निर्यात थांबवली. पुढे परवान्याने थोडीफार सुरू झाली, पण वेबसाइटवरची 'अस्सल गॅबनी' पावडर त्यातलीच असेल असं धरून चालू नका. पुडीत इबोगाच आहे की दुसरी कसली साल, हेही डोळ्यांना कळत नाही.

आता विधी. त्याला ब्विती म्हणतात. गॅबनमधल्या मित्सोगो आणि आपिंजी लोकांचा तो मूळचा. त्यांच्याकडून फांग लोकांनी घेतला आणि त्यात ख्रिस्ती धर्मातलंही बरंच मिसळलं. दीक्षा घेणारा तो बान्झी, उपचार करणारा जाणता तो न्गांगा. रात्र जागवायला न्गोम्बी नावाची आठ तारांची वीणा असते, आणि मोंगोंगो: तोंडाशी धरून वाजवायचं धनुष्य, ज्यात वाजवणाऱ्याचं तोंडच भोपळ्याचं काम करतं. रात्रभराचं गाणं-वाजवणं म्हटल्यावर आपल्याला गोंधळ-जागरण आठवेल. पण इथे सगळ्यांचं लक्ष बसलेल्या एका माणसाकडे असतं, आणि माझ्या मते अख्ख्या विधीचं मर्म तेच आहे.

साल तोंडात पडण्याआधीच बरंच काम होतं. न्गांगा माणसाची विचारपूस करतो: का आलास, कसला आजार, कुणाशी वैर. केलेल्या चुका बोलून दाखवाव्या लागतात. नदीवर पानांच्या पाण्याने अंघोळ, मग अंगाला पांढरी माती आणि पडौक लाकडाची लाल भुकटी. मग खरवडलेली साल थोडी-थोडी भरवतात. ती कडूजहर असते, तोंड बधिर होतं. वजनकाटा नसतो. भरवणारा डोळे बघतो, बोलणं ऐकतो, तोल बघतो आणि पुढचा घास द्यायचा की थांबायचं ते ठरवतो. उलटी होणं धरलेलंच असतं. काही शाखांत बान्झीसमोर आरसा ठेवतात; तो काय दिसतंय ते सांगतो, न्गांगा उलटतपासणी केल्यासारखे प्रश्न विचारत राहतो. हे अध्यात्म आहेच, पण माणूस शुद्धीवर आहे की नाही हे तपासायची याहून चांगली रीत नाही.

पहिले चार ते आठ तास डोळे मिटले की दृश्यं. पाय लटपटतात, कान गुणगुणतात, हललं की मळमळतं, म्हणून पडून राहायचं. मग दिवसभर नुसता विचार. जुनं सगळं वर येतं. त्यानंतर दोन-तीन दिवस झोप नाही. विधी तीन-तीन दिवस चालतो तो उगाच नाही: तेवढा वेळ साल अंगात काम करत असते आणि तेवढा वेळ माणूस एकटा नसतो. एवढं असूनही गॅबनमध्ये दीक्षेत माणसं दगावली आहेत. परंपरा आहे म्हणून निर्धोक आहे, असं तिथलेही म्हणत नाहीत.

व्यसनाशी याचा संबंध आला तो फार नंतर, आणि तोही गॅबनमध्ये नाही. सालीतलं इबोगेन हे अल्कलॉइड १९०१ मध्ये वेगळं काढलं गेलं. पुढे फ्रान्समध्ये 'लांबारेन' नावाची थकवा घालवायची गोळी मिळे. तिच्यात इबोगेन जेमतेम आठ मिलिग्रॅम. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड लॉट्सॉफ या हेरॉइन घेणाऱ्या तरुणाने ते नशेसाठी घेतलं, आणि उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं की टर्की (नशा बंद झाल्यावर होणारा त्रास) आलीच नाही. सगळी चर्चा तिथून सुरू झाली. ओपिऑइडची (अफू, हेरॉइन, गर्द या घराण्यातल्या नशेची) टर्की इबोगेनने पुष्कळ कमी होते, यात तथ्य आहे. दारूच्या बाबतीत मात्र एवढं ठामपणे बोलण्याजोगा पुरावा नाही.

घात होतो तो हृदयाशी. इबोगेन नाडी मंद करतं आणि हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडायची वाट अडवतं. त्यामुळे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पूर्वस्थितीवर यायला जास्त वेळ लागतो. ईसीजीत हा वेळ क्यूटी म्हणून मोजतात. नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला आकडा ५०० मिलिसेकंदांवर गेला की जीवघेणी लय सुरू होण्याची भीती. नेदरलँड्समध्ये १४ व्यसनी रुग्णांना देखरेखीखाली किलोमागे १० मिलिग्रॅम इबोगेन दिलं, तेव्हा निम्म्यांचा आकडा ५०० च्या वर गेला. ते मॉनिटरला जोडलेले होते. तुमच्या भावाच्या खोलीत मॉनिटर नाही.

यकृत इबोगेनचं नॉरइबोगेन करतं. तेही क्यूटी वाढवतं आणि जास्त काळ अंगात राहतं. १९९० ते २००८ या काळात आफ्रिकेबाहेर झालेल्या १९ मृत्यूंचा अभ्यास आहे: इबोगेन घेतल्यापासून दीड तास ते ७६ तासांच्या आत माणसं गेली. पहिली रात्र नीट गेली म्हणून घरचे झोपायला जातात, ते इथे चुकतात.

बाकी चुका ठरलेल्या. तासाभरात काही झालं नाही म्हणून आणखी चमचाभर. साल सावकाश शोषली जाते, मग दोन्ही डोस एकदम चढतात. सालीची पावडर आणि अर्क यांत फरक न करणं. अर्क वजनाला कितीतरी पटींनी जहाल. मेथाडोन (ओपिऑइड सोडवायला देतात ते औषध) चालू असताना घेणं. तेही क्यूटी वाढवतं. फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्या चालू असणं. ज्या एन्झाइमने इबोगेन फुटतं तेच या गोळ्या अडवतात. काही लोकांत ते एन्झाइम जन्मतःच मंद असतं. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम, मॅग्नेशियम उतरलेलं असणं. आणि उलटी थांबावी म्हणून सद्भावनेने ऑनडॅनसेट्रॉन देणं: क्यूटी वाढवणाऱ्यांत तेही आहे.

दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्यावर येणारे झटके इबोगाने थांबत नाहीत. दारूसाठी विचारणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. स्किझोफ्रेनिया किंवा उन्मादाचा इतिहास असेल तर विषयच संपला.

"मग मेक्सिकोतल्या, इबोगेन देणाऱ्या क्लिनिकात?" तिकडे बरे आहेत, वाईटही आहेत. अमेरिकेतल्या ३० माजी सैनिकांना मॅग्नेशियमसह इबोगेन देऊन केलेला अभ्यास २०२४ मध्ये आला. मेंदूला मार लागल्यानंतरचा त्रास पुष्कळ कमी झालेला दिसला, पण तुलनेला दुसरा गट नव्हता आणि तो व्यसनमुक्तीचा अभ्यासही नव्हता. क्लिनिकला विचारायचं ते एवढंच: आधी ईसीजी आणि रक्तातले क्षार तपासता का, मॉनिटर किती तास लावता, हृदयाची लय बिघडली तर शॉक द्यायला कोण हजर असतं, चालू औषधं किती दिवस आधी बंद करायला लावता. 'आमचा शामन (मांत्रिक-वैद्य) बघून घेतो' असं उत्तर आलं तर फोन ठेवा. इथे पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून व्यसन सोडवायचं काम करतंय. पहिला फोन तिथे लावलेला बरा.

आणि कुणी घेऊन आलाच असेल तर एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत हवी. इबोगेननंतर शरीराची ओपिऑइड पचवायची सवय मोडलेली असते. महिन्याभराने पाय घसरला आणि त्याने जुन्याच मापाने गर्द ओढला किंवा टोचला, तर तेच माप आता जीव घेणारं असतं. ओठ निळे पडले, श्वास घोरल्यासारखा आणि अडखळत येऊ लागला तर झोपू देऊ नका. कुशीवर वळवा, १०८ लावा आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना लपवून न ठेवता सांगा. नॅलोक्सोन हा ओपिऑइडवरचा उतारा वेळेत मिळाला तर माणूस परत येऊ शकतो.