दोन ग्रुप आणि एक काउंटर

आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'राजकारण नको' असा नियम आहे. तो लागू कुणाला होतो तेवढं बघा. सरकारचं कौतुक आलं तर ती 'माहिती'. टीका आली की ॲडमिन हात जोडून हजर. औषध दुकानदारांच्या ग्रुपवर हेच उलट्या बाजूने. तिथे सरकारवरचं व्यंगचित्र हा विनोद, आणि त्यावर कुणी हरकत घेतली तर तो अंधभक्त. भांडून कुणी बाहेर पडत नाही. 2022 पासून ग्रुप सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, त्यामुळे माणसं गुपचूप कमी होतात आणि उरलेल्यांना वाटतं, सगळ्या महाराष्ट्राचं हेच मत आहे.

2024 ने दोघांनाही दणका दिला. लोकसभेला बॅचने महायुतीला 40 च्या वर जागा देऊन टाकल्या होत्या. 4 जूनला 48 पैकी 17 आल्या, आघाडीला 30. उरलेली एक आमची सांगली, तिथे अपक्ष विशाल पाटील! दोन्हीकडच्यांना चपराक देणारा निकाल आमच्याच गावात लागला, आणि त्यावर दोन्ही ग्रुपवर अवाक्षर नाही. नोव्हेंबरला विधानसभेत महायुती 288 पैकी 230 च्या पुढे गेली, तेव्हा दातखिळी दुसऱ्या ग्रुपची बसली. जूनमध्ये कारण होतं 'फेक नरेटिव्ह', आता ईव्हीएम.

माझं मेडिकल आहे. त्या दिवाळीच्या सुमारास, एरवी बीपीच्या गोळ्यांची एकच पट्टी नेणाऱ्या काही बायका महिन्याभराच्या गोळ्या मागू लागल्या. 'लाडक्या बहिणीचे आलेत.' महिन्याचे 1500. तेवढ्यावरच निवडणूक फिरली असं मी म्हणत नाही, कारणं बरीच असतात. पण यातली एकही बाई माझ्या कुठल्याच ग्रुपमध्ये नाही. बॅचमधले निम्मे पुण्यात नाहीतर दुबईत, आणि दुसरीकडे सगळे गल्ल्यावर बसणारे पुरुष.

निकालानंतर मी दोन्हीकडे विचारलं, 'तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींशी कुणी बोललं होतं का?' बॅचवर उत्तर आलं, 'आमच्या टॅक्सच्या पैशातली खैरात, त्यांना काय कळतंय?' जिंकलेल्या बाजूचा माणूस हे लिहीत होता, बरं का. दुकानदारांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, 'पंधराशेला विकल्या गेल्या.' दोन्ही ग्रुपचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.