सशाचं मटण, खेप सहावी: पाठ आणि पाय वेगळे शिजवले

या वेळी पहिल्यांदाच असं झालं, की मागच्या पायाला चमचा लावला तर मांस हाडापासून सुटत होतं आणि पाठीचा तुकडाही रसाळ राहिला होता. आधीच्या पाच खेपांत हे दोन्ही एकाच दिवशी कधी जमलं नव्हतं. काय बदललं ते डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

इतके दिवस मी सशाला कोंबडीसारखं वागवत होते. मांसाचा रंग फिका, आकारही साधारण तेवढाच, म्हणून हात त्याच सवयीनं चालायचा. पण कोंबडीला कातडीचं आणि तिच्याखालच्या चरबीचं पांघरूण असतं. सशाच्या मांसात चरबी जवळजवळ नाहीच. असते ती पोटात, गुर्द्यांभोवती. त्यात मागचे पाय म्हणजे उडी मारायचे स्नायू, भरपूर कोलॅजेननं, म्हणजे स्नायू धरून ठेवणाऱ्या चिवट प्रथिनानं, बांधलेले. ते विरघळून जिलेटिन व्हायला उष्णतेइतकाच वेळही लागतो. मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत कोलॅजेन मुळातच कमी. त्यांना जास्त वेळ दिला की मिळत काही नाही, उलट तंतू आकसून आतलं पाणी बाहेर पिळून टाकतात. त्यामुळे पाय मऊ होईपर्यंत थांबलं तर पाठीचा चोथा होतो, आणि पाठ जपली तर पाय चिवट राहतात. मसाला बदलून यातलं काहीच सुटत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेत मी नेमकं तेच करत बसले होते.

आता कापण्याबद्दल, कारण निम्मं काम तिथेच होतं. पहिल्या तीन खेपांत मी सुऱ्यानं घाव घालून सरसकट तुकडे केले होते. सशाची हाडं बारीक आणि ठिसूळ. त्यांच्या सुईसारख्या कपच्या रस्साभर झाल्या आणि प्रत्येक घास चाचपून खावा लागला. आता फक्त लहान, धारदार सुरी घेते आणि सांध्यातच कापते. पुढचा पाय धडाला हाडानं जोडलेला नसतोच, नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो. पाय जरा उचलून खवाट्याच्या खालून सुरी सरकवली की अलगद हातात येतो. मागच्या पायाला खुब्याचा गोल सांधा असतो. पाय बाहेरच्या बाजूला उलटा दाबायचा, टक् असा आवाज येतो, हाडाचा पांढरा गोळा दिसतो, त्याला वळसा घालून कापायचं. मग शेवटच्या बरगडीच्या खाली आणि खुब्याच्या वर अशा दोन जागी मणका तोडला, की मधे पाठीचा मांसल भाग उरतो. त्यावर चंदेरी पापुद्रा असतो. तो शिजताना आकसतो आणि मांसाला मुरड घालतो. सुरीचं टोक त्याच्याखाली घालून, पातं किंचित वर कलतं धरून तो सोलायचा. या वेळी एका बाजूला मला अकरा मिनिटं लागली, दुसऱ्या बाजूला चार. हात बसतोय.

मुरवण म्हणजे फक्त मिठाचं पाणी: १ लिटरला ५० ग्रॅम. पाय रात्रभर, पाठ तीनच तास, दोन्ही फ्रीजमध्ये. चौथ्या खेपेला पाठही रात्रभर ठेवली होती; ती खारट तर झालीच, शिवाय रबरासारखी लागली. रश्शात वेगळं मीठ शेवटी, चव बघूनच.

पाय कापडानं अगदी कोरडे करून लोण्यात सगळ्या बाजूंनी लालसर परतले. त्याच पातेल्यात कांदा, ठेचलेला लसूण, अख्खे मिरे, दोन तमालपत्रं. पाणी पाय निम्मे बुडतील एवढंच. घट्ट झाकण आणि सर्वांत मंद आच: वर अधूनमधून एखादाच बुडबुडा यायला हवा. खळखळ उकळी दिसली की आच जास्त आहे. १ तास ४० मिनिटांनी पाय तयार. पाठ त्याआधी १५ मिनिटं, हाडासकट, पायांच्या वर ठेवली, आणि खरा फरक इथे पडला. थर्मामीटर सर्वांत जाड जागी खुपसला आणि ७१ अंश सेल्सिअस दाखवल्याबरोबर पाठ बाहेर काढली. अमेरिकेच्या कृषी विभागानं सशासाठी सुरक्षित म्हणून सांगितलेला आकडा हाच आहे. आधी अंदाजानं शिजवत होते तेव्हा एकदा मोजलं, तर ८५ भरलं होतं.

वेळेचं गणित वयावर फिरतं, हे पाचव्या खेपेनं शिकवलं. बारा आठवड्यांच्या आतला, साधारण ०.७ ते १.६ किलोचा ससा कोवळा. त्याचं मांस बारीक पोताचं, मोतिया गुलाबी. आठ महिन्यांच्या पुढचा, १.८ किलोच्या वरचा ससा जून. मांस गडद आणि भरड. तो पाचव्या खेपेला आला होता आणि अडीच तासांनीही पाय पुरते सुटले नव्हते. मी त्याच्यावर उगाच चिडले होते, वेळच कमी दिला होता. माझं हे सगळं पाळीव सशाबद्दल आहे. रानातल्या मोठ्या सशाचं मांस लालभडक असतं, त्याला ही मापं लावू नयेत. रानटी ससा हाताळताना हातमोजे हवेत आणि तो पुरता शिजवायलाच हवा, कारण त्यातून टुलरेमिया या जिवाणूजन्य आजाराचा संसर्ग होऊ शकतो.

लोण्यात हात आखडू नये. उत्तर ध्रुवाकडचा प्रवासी विल्यालमुर स्टेफान्सन यानं नोंदवलंय, की नुसत्या सशावर जगणारी माणसं चरबीअभावी आजारी पडत. घरी तशी वेळ येणार नाही, पण हे मांस किती रुक्ष आहे ते यावरून कळतं.

काळीज मोठं आणि गोडसर असतं. पित्ताची पिशवी न फोडता काढून वेगळं परतलं. त्यावर अजून प्रयोग केलेला नाही.

बरगड्या आणि मणक्याचे तुकडे फ्रीजरमध्ये टाकलेत, या आणि मागच्या सशाचे मिळून. सातव्या खेपेला त्यांचा तीन तास काढा करून, पाण्याऐवजी त्यातच पाय शिजवणार आहे. आणि पाठ ६८ अंशांवर उतरवून झाकून ठेवली तर स्वतःच्या उष्णतेवर ७१पर्यंत चढते का, तेही मोजायचंय. थर्मामीटर आत ठेवूनच झाकणार. नाही चढली, तर परत पातेल्यात.